पंचावन्नचा हट्ट

चि. मुक्ता,


पंचावन्न किलोवर यायचं म्हणून रात्रीचं जेवण सोडलंस, हे वाचून आधी चिडले आणि मग हिशेबाला बसले. तुझी उंची १६० सेंटिमीटर, वजन ५८. किलोंना मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय येतो २२.७. आपल्याकडचे डॉक्टर २३ च्या आत ठीक मानतात. जागतिक कोष्टकात तर ही रेघ २५ वर आहे. मग पंचावन्नचं खूळ आलं कुठून? पाळीच्या आधी अंगात पाणी धरलं तरी काटा किलोभर हलतो, बाई!

मुळात हा भागाकार बेल्जियमच्या केतले या गणितज्ञानं १८३० च्या दशकात मांडला, तोही ‘सरासरी माणूस’ शोधायला. कुणाची तब्येत तपासायला नव्हे. चरबी किती आणि स्नायू किती, हे त्यातून कळत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे स्वतःवरूनच दाखवलं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर यडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३. यडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं स्नायूंत बरीच कमी, पण कातडीखालच्या चरबीत फारशी नाही. सडसडीत दिसणाऱ्या आपल्या माणसांना साखर का गाठते, याचं एक उत्तर इथं आहे.

म्हणून मला काळजी वाटते ती तुझी नाही, जावईबापूंची. हातपाय काड्या, शर्टाच्या बटणांपाशी मात्र पोट पुढे, आणि वर त्यांच्या वडिलांना मधुमेह. ‘कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही,’ असं तुझ्या सासूबाई कौतुकानं सांगतात. लागतं हो, पोटात लागतं!

शिवणाची टेप काढ. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर जावईबापूंचं माप घे. पोट आत ओढू देऊ नकोस. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०, त्यापुढे गेलं तर डॉक्टरांना विचारायचं. माप काही येवो, त्यांची उपाशीपोटी साखर याच आठवड्यात तपासून घे आणि मला कळव. आणि तू आज रात्री जेव.

तुझी,
मावशी