एका सासऱ्याचे दोन कॅमेरे

साडू हे नातं देवानं तुलनेसाठीच निर्माण केलं असावं. भावाभावांत वाटण्या होतात, शेजाऱ्याशी भांडण होतं, व्याह्यांशी मानपान होतो. पण शुद्ध, निर्लेप आणि आजन्म चालणारी तुलना फक्त साडूंच्या वाट्याला येते. एकाच सासऱ्यानं दोघांना पारखून घेतलेलं असतं आणि ती पारख कोणाच्या बाबतीत चुकली, याचा निकाल सासरच्या ओसरीवर दर दिवाळीला नव्यानं लागत असतो. पगार, घर, स्कूटर, मुलांचे मार्क, डोक्यावर शिल्लक असलेले केस असे या खटल्यातले पुरावे वयाप्रमाणे बदलत जातात. आमच्या खटल्यात शेवटी कॅमेरा दाखल झाला.

माझा कॅमेरा खिशातला. मुलानं २००९ साली घेऊन दिलेला. साबणाच्या वडीएवढा, वजनानं दीडशे ग्रॅम. शर्टाच्या खिशात तो पेन, चष्मा आणि एस. टी.चं तिकीट यांच्याशी गुण्यागोविंदानं नांदतो. बटण दाबलं की कासवानं मान काढावी तशी त्याची नळी बाहेर येते आणि काम झालं की पुन्हा आत जाते. झूम चार पट. हिंगोलीसारख्या गावात चार पट पुष्कळ झाला. इथे लांबचं बघायचं कारण पडत नाही, लांबची बातमी आपोआप घरी येते.

साडू पुण्याला असतात. त्यांचा कॅमेरा गळ्यातला. वजन पाऊण किलोच्या वर, त्याला पट्टा, पट्ट्याला साडू. शिवाय एक काळी पिशवी, तिच्यात कॅमेऱ्याचे कपडे, आणि घामाचा एक खास रुमाल, तो मात्र कॅमेऱ्याच्या काचेसाठी. या जातीला ‘ब्रिज कॅमेरा’ म्हणतात. म्हणजे पूल. अलीकडच्या तीरावर माझ्यासारख्यांचा खिशातला कॅमेरा, पलीकडच्या तीरावर लग्नात मांडव अडवून उभ्या राहणाऱ्या फोटोग्राफरचा भिंग बदलायचा मोठा कॅमेरा, आणि मधे हा पूल. पुलाची अडचण अशी, की त्यावर उभं राहिलं की दोन्ही तीरांवरचे लोक आपल्याकडे बघतात.

“पन्नास पट झूम आहे,” साडूंनी आल्या आल्या सांगितलं. पूर्वीचे लोक ‘पन्नास एकर बागायत आहे’ असं ज्या आवाजात सांगत, तोच आवाज.

वास्तविक हे ‘पट’ प्रकरण सोयरिकीतल्या वयासारखं असतं, कुठून मोजलं ते विचारायचं असतं. पन्नास पट म्हणजे आपल्या डोळ्यापेक्षा पन्नास पट नव्हे. भिंगाचा सर्वांत लांबचा आकडा भागिले सर्वांत जवळचा आकडा, एवढाच तो हिशोब. २४ मिलिमीटरपासून १२०० मिलिमीटरपर्यंत जाणारं भिंग झालं पन्नास पट. आपल्या नजरेला साधारण ५० मिलिमीटरचं भिंग जुळतं असं फोटोग्राफर लोक धरतात, म्हणजे डोळ्याच्या हिशोबानं साडूंची धाव चोवीस पट. मी हे कागदावर मांडून दाखवलं. साडू म्हणाले, “तुमची मग किती?” माझं भिंग २८ ते ११२. डोळ्याच्या हिशोबानं सव्वादोन पट. मी कागद घडी करून खिशात ठेवला.

पण खरी गंमत पुढेच आहे. फोटो भिंगात उमटत नाही, आत सेन्सर नावाची एक चकती असते तिच्यावर उमटतो. आणि या दोन्ही जातींच्या बहुतेक कॅमेऱ्यांत ती चकती एकाच मापाची असते! सुमारे सहा मिलिमीटर लांब, साडेचार रुंद. म्हणजे तुरीच्या दाण्याएवढी. मांडवातल्या फोटोग्राफरच्या मोठ्या कॅमेऱ्यात ती ३६ बाय २४ मिलिमीटरची, क्षेत्रफळानं तीसपट मोठी असू शकते. साडूंचा देह त्या मोठ्यांसारखा, पोट मात्र माझ्याएवढंच. यात फसवणूक काही नाही. चकती तुरीएवढी आहे म्हणूनच एवढी लांबची नजर गळ्यात मावते. १२०० मिलिमीटरचं काम तिथे सव्वादोनशे मिलिमीटरच्या आत-बाहेरचं खरं भिंग करतं. मोठ्या चकतीवर तेवढं लांबचं आणायचं तर भिंग खांद्यावर नव्हे, बैलगाडीवर न्यावं लागेल. निकॉननं २०१५ साली ८३ पट आणि २०१८ साली १२५ पट झूमचे कॅमेरे काढले, ते याच दाण्याच्या जिवावर.

हे ऐकल्यावर आमची ही म्हणाली, “म्हणजे आतनं दोघं सारखेच. सासरा एकच, जावई दोन.”

त्या वाक्यानं ओसरीवर थोडा वेळ शांतता पसरली.

तुम्ही म्हणाल, हातात फोन असताना या जुन्या भांड्यांची तुलना कशाला? बरोबर आहे. कोडॅकच्या स्टीव्ह सॅसन या इंजिनियरानं १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला तेव्हा तो साडेतीन किलोच्या वर होता आणि एक फोटो नोंदवायला तेवीस सेकंद घेत असे. (आमच्याकडे नातेवाइकांना रांगेत उभं करायला अजूनही याहून जास्त लागतात.) २०१० साली जगात बारा कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले आणि त्यानंतर फोननं खिशातल्या कॅमेऱ्याची जागा खिशातच बसून बळकावली. पण जुना गडी आणि जुना कॅमेरा यांना सहसा कोणी काढून टाकत नाही. आणि फोननं काही झालं तरी साडूंना जे दाखवायचं होतं ते दिसलं नसतं.

२०२२ च्या दसऱ्याला साडू सहकुटुंब हिंगोलीला आले. हिंगोलीचा दसरा म्हणजे दीडशे वर्षांहून जुना थाट. रामलीला, प्रदर्शन, आकाशपाळणे आणि शेवटी रावण. रावणाच्या बाबतीत मी हार मानली. दहा तोंडं आहेत हे सगळ्यांना दिसत होतं, पण त्यातल्या चौथ्या तोंडाची मिशी एका बाजूनं सुटली आहे हे फक्त साडूंना दिसलं. मी मात्र आकाशपाळण्यातून उतरणाऱ्या आमच्या नातीचा, अर्धं हसू नि अर्धं रडू असा फोटो काढला. साडूंचं भिंग तोवर रावणाच्या मिशीवरून परत यायचं होतं. पन्नास पटांवरून एक पटावर यायला यंत्राला दोन-तीन सेकंद लागतात, आणि मुलांचं तोंड तेवढं थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी औंढ्याला गेलो. नागनाथाचं देऊळ यादवकाळातलं, बारा ज्योतिर्लिंगांत मोजलं जाणारं. खालची अंगं कोरीव दगडाची, वरचं बांधकाम नंतरच्या काळातलं. साडूंनी उंचावरच्या मूर्ती एकेक करून खाली आणल्या. एका यक्षाच्या डोक्यावर पारव्यानं घरटं केलं होतं, त्यातली अंडीसुद्धा मोजली. मी खालच्या थरातल्या हत्तींपाशी उकिडवा बसून सोंडा टिपत होतो. देवळाला प्रदक्षिणा घालताना अक्का म्हणाल्या, “नंदी मागे कसा?” मग ही कथा सांगणं आलंच. नामदेवांचं कीर्तन समोर चालू होतं, लोकांनी त्यांना उठवून मागे घालवलं. ते मागे जाऊन गाऊ लागले, तर देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. नंदी होता तिथेच राहिला.

“बघा,” मी साडूंना म्हणालो, “नामदेवांना झूम लागला नाही.”

“त्यांना देवाकडे बघायचं होतं,” साडू म्हणाले, “मला पारव्याकडे बघायचंय. देव फिरून येतो, पारवा उडून जातो.”

हे वाक्य मी त्या वेळी हसण्यावारी नेलं, पण त्यात तथ्य होतं आणि ते सिद्धेश्वर धरणावर पटलं. पाण्याकाठी दोन चित्रबलाक उभे होते, पिवळ्या लांब चोचींचे. माझ्या कॅमेऱ्यात ते दोन स्वल्पविराम आले. जवळ जावं म्हणून चार पावलं टाकली तर ते मान वळवून अस्वस्थ झाले. साडूंनी मला दंडाला धरून मागे ओढलं, स्वतः बांधावर पालथे पडले, श्वास रोखला आणि त्या पाखरांच्या पंखांवरची नक्षी कॅमेऱ्यात आणली. पाखरांना पत्ताही नाही. ऊन चढल्यावर मात्र पाण्यावरची हवा थरथरायला लागली आणि पलीकडचं सगळं उकळत्या दुधासारखं दिसू लागलं. ते कोणत्याही भिंगाला आवरत नाही. तरी साडूंनी तेवढ्यात पलीकडच्या काठावरचा एक माणूस धरला. तो विडी ओढत होता की मिश्री लावत होता, यावर दोघांत पैज लागली. ही म्हणाली, “दाजी, त्या माणसाला विचारलंत का? तो तिथे एकटा बसलाय म्हणून बसलाय ना?” साडूंनी भिंग खाली घेतलं. पाखराला लांबून बघणं हा त्याचा मान, माणसाला लांबून बघणं ही त्याची चोरी, हा भेद कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत नसतो.

परतीच्या वाटेवर गाडी चहाला थांबवली. साडूंच्या गळ्यातली तोफ बघून टपरीवरचा एक जण म्हणाला, “लायगोवाले का?” आमच्या जिल्ह्याला मोठ्या यंत्रांचं आता अप्रूप राहिलेलं नाही. औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगोची प्रयोगशाळा व्हायची आहे, काटकोनात चार-चार किलोमीटरचे दोन बाहू. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं तिला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अब्जावधी प्रकाशवर्षांवर कृष्णविवरं आदळली की अवकाशात जी शिरशिरी उठते, ती इथे मोजणार. पन्नास पटवाल्यांनी तिथे गप्पच बसावं.

साडू ‘नाही’ म्हणेपर्यंत दुसरा एक जण पुढे आला. चाळिशीचा शेतकरी, पायाला चिखल. “मंग पंचनाम्याचे का तुम्ही? चला सायेब, वावर हितंच हाय.”

“दादा, आम्ही सरकारी नाही,” साडू म्हणाले.

“नसू द्या. चला तरी.”

सोंगलेलं सोयाबीन पावसात भिजून पडलं होतं. वरून पिवळं, हात घातला की आत काळं, आणि शेंगांतून कोंब आलेले. त्या वेळी पीकविम्यात बहात्तर तासांत नुकसान कळवायचा नियम होता. त्यानं कळवलं होतं, फोनवर फोटोही पाठवले होते. “पर ते कुठं गेले कोनाला ठावं. येक नीट काढून द्या. मोठ्या क्यामेऱ्यानं.”

त्याला कसं सांगणार, की दादा, चकती तुरीच्या दाण्याएवढीच आहे, तुझ्या फोननं काढला तोही फोटो खरा आहे? साडूंनी काहीच सांगितलं नाही. त्यांनी बूट काढले, पॅन्ट दुमडली आणि पाऊण किलोचं ते लेणं सांभाळत चिखलात शिरले. झूम पार एकावर आणला. एक शेंग, तिच्यातला कोंब, त्यानं धरलेली मूठ, मागे सगळं वावर. घामाचा रुमाल पहिल्यांदा त्यांच्या कपाळाला लागला. पन्नास पटांतले एकोणपन्नास त्या दिवशी कामाला आले नाहीत.

आखाड्यावर त्याची म्हातारी बसली होती. साडूंचं भिंग तिच्याकडे वळलं तसा तिनं पदर तोंडावर ओढला. मग मी खिशातली साबणाची वडी काढून तिच्याशेजारी बसलो. “हे काय हाय, तपकिरीची डबी का?” म्हणाली. मी म्हटलं, “आजी, फोटो काढू का?” तिनं पदर नीट केला, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, “काढ. पर वावराचा नको. माझा काढ.”

मी हिंगोलीत सगळ्या फोटोंच्या पोस्टकार्डाएवढ्या प्रती करून घेतल्या. साडूंनी आणि मी मिळून पैसे दिले, आणि टपरीवाल्याच्या हाती पाकीट पोचवलं. विम्याचं पुढे काय झालं ते फोटोवर अवलंबून नव्हतंच. म्हातारीचा फोटो मात्र तिच्या घरात चौकटीत लागल्याचा निरोप आला.

आता कोणी मला विचारतं, दोहोंतला कुठला घ्यावा? मी सांगतो, पाखरांची आवड असेल तर साडूंचा घ्या, माणसांची असेल तर माझा; आणि दोन्हींची असेल तर साडूंना बरोबर घ्या, पिशवी ते स्वतः उचलतात. त्या प्रतींचा एक जादा संच आम्ही सासरीही पाठवला होता. सासऱ्यांनी चष्मा लावून एकेक फोटो उजेडात धरला, कुठला कोणाचा ते ओळखायचा दोनदा प्रयत्न केला आणि सगळे एकाच अल्बममध्ये, कोणाचंच नाव न घालता, चिकटवून टाकले. खटला मात्र त्यांनी निकाली काढलेला नाही. पुढची तारीख दिवाळीची आहे.