समोरून येणारी गाडी

पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाने कोणता छंद जोपासावा, याविषयी आपल्या समाजात काही संकेत ठरलेले आहेत. बागकाम चालते, नाट्यसंगीत चालते, तिकिटे जमवणेही खपून जाते. परंतु चोपन्नाव्या वर्षी आम्ही भल्या पहाटे बडोद्याच्या पोलो ग्राउंडवर हाती रिमोट घेऊन हातभर लांबीची मोटार पळवतो, हे कळल्यापासून दांडिया बाजारातील आमच्या परिचितांनी आमच्या प्रकृतीची चौकशी सौ.कडे करण्यास प्रारंभ केला आहे. त्यांच्या आणि थोड्याफार आमच्याही समाधानार्थ हा खुलासा.

गाडीचे नाव ‘ग्रासहॉपर’, म्हणजे नाकतोडा. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने ती १९८४ साली बाजारात आणली. या कंपनीची रेडिओवर चालणारी पहिली मोटार १९७६ची. दुरून यंत्र हाकण्याची कल्पना मात्र पुष्कळ जुनी. निकोला टेस्ला यांनी १८९८ सालीच न्यूयॉर्कमध्ये पाण्याच्या हौदात एक लहानशी होडी बिनतारी चालवून दाखवली होती. आमच्या वाड्यात हा नाकतोडा १९८६ साली अवतरला. कामानिमित्त जपानला गेलेल्या काकांनी तो दादांना आणि आम्हाला मिळून आणला. दोन भावांच्या घरात ‘मिळून’ हा शब्द किती महाग पडतो, हे ब्रह्मचारी काकांना कोठून ठाऊक असणार!

गाडी तयार आलेली नव्हती. पेटीत होते सुटे भाग, स्क्रूंच्या पुड्या आणि एक सूचनापुस्तिका. दादा तेव्हा सतरा वर्षांचे, आम्ही चौदाचे. आठवडाभर ओसरीवर सतरंजी अंथरून जुळणी चालली. बॅटरी निकेल-कॅडमियमची, सहा सेलची, ७.२ व्होल्टची. ती रात्रभर चार्ज करावी, तेव्हा सकाळी गाडी जेमतेम पंधरा मिनिटे पळे. त्या पंधरा मिनिटांच्या पाळ्या आजोबांच्या घड्याळावर लागत, आणि घड्याळ धरण्याचा मान दादांचा.

ही गाडी हाकण्यात एक गोम आहे. गाडी आपल्यापासून दूर जात असते, तोवर तिचे डावे ते आपले डावे. पण ती वळून आपल्याकडे येऊ लागली, की डाव्या-उजव्याची अदलाबदल होते. हात सवयीने चुकीच्या बाजूस वळतो आणि घात होतो. आमचा तसाच झाला. चौथ्या की पाचव्या दिवशी, आमच्या पाळीत, परत येणारा नाकतोडा थेट ओट्याच्या दगडी पायरीवर आदळला. पुढच्या चाकाचा प्लास्टिकचा सांधा तुटला. तसा भाग तेव्हा आम्हाला येथे मिळाला नाही. दादा एवढेच म्हणाले, “तुला हात लावू द्यायलाच नको होता.” पेटी माळ्यावर गेली.

ते वाक्य मात्र माळ्यावर गेले नाही. वर्षे लोटली तसे ते आमच्या मनात रूप पालटत गेले, आणि पुढे पुढे आम्ही प्रामाणिकपणे सांगू लागलो की, दादांनी आम्हाला त्या गाडीला कधी हातच लावू दिला नाही. २००९ साली वाड्याची वाटणी झाली. चौकातून भिंत उठली. त्या बोलाचालीत बाविशीपलीकडच्या कागदपत्रांबरोबर ही गाडीही निघाली, हे सांगताना आज संकोच वाटतो. त्यानंतर दोन्ही घरांचे बोलणे श्राद्धपक्ष आणि गणपती यांपुरते उरले.

गेल्या पावसाळ्यात माळा गळू लागला. सामान खाली उतरवताना आमच्या वाटणीच्या भागात ती पेटी सापडली. टायरांना भेगा पडलेल्या, बॅटरीवर पांढरा क्षार चढलेला, प्लास्टिक पिवळे पडलेले. तरी चाके फिरत होती. चौकशीअंती कळले की, कंपनीने २००५ साली हीच गाडी पुन्हा काढली होती. त्यामुळे आम्हाला हवा असलेला सांधा एकोणचाळीस वर्षांनी का होईना, मिळाला. मधल्या काळात रेडिओही पालटला होता. पूर्वी २७ मेगाहर्ट्‌झवर चाले. जवळ कोणी त्याच क्रिस्टलचा रेडिओ लावला, तर आपली गाडी खुशाल परक्याचे ऐके. आता २.४ गिगाहर्ट्‌झवरचा रेडिओ आपलाच रिसीव्हर ओळखतो. वेग कमी-जास्त करणारी जुनी यांत्रिक पट्टी आणि तिचा हाताला चटका देणारा रेझिस्टर जाऊन इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आला. एवढे सगळे जमले. अडले ते जुळणीपाशी. घरातल्या पेचकसाने आम्ही दोन स्क्रूंची डोकी झिजवून ठेवली. जपानी स्क्रूची खाच दिसायला आपल्यासारखी अधिक-चिन्हाची, पण तिची घडण किंचित निराळी असते, हे आम्ही पार विसरलो होतो. कोणता भाग आधी बसवायचा, तेही आठवेना.

सूचनापुस्तिका संगणकावर सापडली असती, हे आम्हास ठाऊक होते. तरी आम्ही भिंतीपलीकडचे दार वाजवले. बहुधा निमित्तच हवे होते.

“दादा, त्या गाडीचं पुस्तक आहे का रे तुझ्याकडे?”

कोणती गाडी, असे दादांनी विचारले नाही. कपाटातून घरपट्टीच्या पावत्यांची फाइल काढली आणि तिच्या तळाशी जपलेली पुस्तिका आमच्यासमोर ठेवली. वहिनींनी न विचारता चहा टाकला.

पुस्तिकेत प्रत्येक पायरीपुढे बरोबरची खूण होती. ज्याने भाग बसवला त्याने खूण करायची, असा आमचा नियम होता म्हणे. निळ्या शाईच्या खुणा दादांच्या, शिसपेन्सिलीच्या आमच्या. आम्ही त्या मोजल्या. शिसपेन्सिलीच्या अधिक निघाल्या. गिअरबॉक्स, जो भाग सर्वांत अवघड, त्याच्यापुढे आमची खूण होती आणि ग्रीसने माखलेल्या लहान बोटाचा एक ठसा. चहा निवून गेला. ज्या तक्रारीवर आम्ही एवढी वर्षे काढली, तिच्याविरुद्धचा पुरावा भिंतीपलीकडे, घरपट्टीच्या पावत्यांखाली सुखरूप होता.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे पोलो ग्राउंडवर गेलो. पहिली पाळी दादांना दिली. गाडी झकास गेली, वळली, आमच्याकडे येऊ लागली आणि दादांचा हात चुकला. नाकतोडा बाभळीच्या काट्यांत शिरला.

“दादा, ती समोरून येते ना, तेव्हा आपण तिच्यात बसलोय असं समजायचं. म्हणजे डावं-उजवं चुकत नाही.”

“हे मीच तुला शिकवलं होतं,” दादा म्हणाले. “पायरीवर आदळलास त्याच्या आदल्या दिवशी.”

असेलही. आमच्या आठवणीवर आता आमचा फारसा भरवसा उरलेला नाही.

वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो, चौकातली भिंत आहे तेथेच आहे, आणि मागच्या एका खोलीचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. परंतु रविवारी सकाळी गाडी पळते. नवी बॅटरी जुनीपेक्षा पुष्कळ अधिक टिकते, तरीही पाळ्या घड्याळावरच लागतात. घड्याळ अर्थातच दादांच्या हाती असते, आणि आमची पाळी दोन मिनिटे कमी भरते, असा आमचा जुनाच संशय आहे.