सुई आणि ताट

आमच्या घरी इन्शुलिन आलं तेव्हा फ्रीज नव्हता. परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत वडिलांची बाटली राहायची ती पाण्याच्या लहान मडक्यात, थेंब लागू नये म्हणून डबीत घालून. सकाळी स्टोव्हवर आधी काचेची सिरिंज आणि सुई उकळायची, मग चहाचं आधण.

टोचून घ्यायचे दादा, म्हणजे वडील, स्वतःच, मांडीत. आईचं काम त्यानंतर सुरू व्हायचं. सुई घेतली की अर्ध्या तासात ताटावर बसायलाच हवं. दारात कोणी गप्पा मारत उभं राहिलं की ती आतून “अहो, सुई घेतलीय” एवढंच म्हणायची आणि पाहुणा चपला शोधू लागायचा. दादांना ताप आला, तोंडाची चव गेली, की तिची खरी परीक्षा. पेज, मेतकूट-भात, शेवटी नुसतं साखरपाणी. दादांनी सुई टोचण्याचं धैर्य दाखवलं असं सगळे म्हणत. समोर बसून चार घास पोटात घालणाऱ्या बाईचं नाव कोणी घेतलं नाही.

पुढे फ्रीज आला, प्लॅस्टिकच्या सिरिंजा आल्या. गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं इन्शुलिन जाऊन मानवी इन्शुलिन आलं. दादा गेले आणि फ्रीजच्या दारातल्या त्यांच्या कप्प्यात मी लिंबं ठेवू लागले.

आता तिथे दाजीची बाटली आहे. दाजी म्हणजे आमचा बोका. नसबंदी झालेला, उतारवयाचा, अंगाने भरलेला. मांजरांच्या मधुमेहाला याहून सोयीचं गिऱ्हाईक नाही. तो बादलीत तोंड घालून पाणी पिऊ लागला, वाळूचा ट्रे सतत ओला, ट्रेपाशी मुंग्या. चालताना मागचे पाय टाचेपर्यंत टेकवायचा. डॉक्टरीणबाईंनी साखरेच्या एका आकड्यावर विसंबायचं नाकारलं. दवाखान्यात नुसतं घाबरलं तरी मांजराची साखर चढते. म्हणून त्यांनी फ्रुक्टोसामाइनची तपासणी करून घेतली; तिच्यातून मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज येतो. गंमत म्हणजे मांजराला गोड चव कळतच नाही. ती ओळखणारं त्यांचं जनुकच निकामी आहे. मिठाईकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या प्राण्याला हा रोग!

दादांची ती जुनी बाटली आठवते. गाईचं आणि मांजराचं इन्शुलिन ५१ अमिनो आम्लांपैकी एकाच जागी वेगळं असतं. गाईचं आणि माणसाचं तीन जागी. म्हणजे मडक्यातलं औषध दादांपेक्षा दाजीच्या जवळचं होतं.

सुईचं काहीच नाही. कातडी चिमटीत धरायची, एक युनिट, दाजी कानसुद्धा हलवत नाही. घोडं अडतं ताटाशी. वास घेतो, तोंड फिरवतो. न खाता पूर्ण डोस दिला तर साखर कोसळून झटके येऊ शकतात. इन्शुलिन बंद ठेवलं तर रक्तात कीटोन साठतात. त्यात लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात जाऊन बसते आणि यकृतच बसतं. म्हणून डॉक्टरीणबाईंनी बजावलं, “आधी खाऊ दे, मग सुई. नाही खाल्लं तर मला फोन. डोस कमी करायचा की टाळायचा, ते मी सांगेन.” आईचा क्रम उलटा झाला, बैठक तीच राहिली.

खरं तर त्याला पिष्ट कमी, मांस जास्त असं डब्यातलं ओलं खाणं हवं, दूधभात बंद. पण तूर्त पथ्य बाजूला, जे खाईल ते खाऊ दे, असा हुकूम. मांदेली उकडून, काटे काढून, कोमट करून देते. कोमट असलं की वास येतो आणि मांजर जेवतं ते नाकाने. कांदा-लसूण मात्र घरातल्या रश्श्यातलाही नाही, त्याने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. मळमळीचं औषध झालं. मग भुकेसाठी मिर्टाझापीन, माणसांच्या नैराश्यावरची गोळी, तिचा अगदी लहानसा तुकडा. केमिस्टने विचारलं, “पेशंटचं नाव?” म्हटलं, “दाजी.” “वय?” “अकरा.” त्याने चिठ्ठी दोनदा वाचली.

दादांचं इन्शुलिन शेवटपर्यंत सुटलं नाही. साखर लवकर ताब्यात आली तर काही मांजरांचं सुटतं, म्हणून ही खटपट.

ज्यांच्या घरी माणसाचं आणि मांजराचं, दोन्ही इन्शुलिन आहे त्यांना एक सांगणं. लाल टोपणाची सिरिंज ४० युनिटच्या बाटलीची, केशरी टोपणाची १०० युनिटच्या. १०० चं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये तेवढ्याच रेघेपर्यंत भरलं तर अडीचपट डोस जातो. दादांच्या उरलेल्या सिरिंजा मी म्हणूनच घरातून काढल्या. आणि मांजराने दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही, तर उद्या बघू म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.