पुढच्या आसाचं तेल

सीमाभागातल्या आपल्या घरांत एकाच वस्तूला दोन नावं असतात. माझं माहेर इंडी तालुक्यातलं, सासर जत तालुक्याच्या पूर्व भागातलं. माहेरी 'एण्णी', सासरी 'तेल'. करडईचं असो की खोबऱ्याचं, दोन्ही नावांनी ते माझ्या हाताखालून गेलं आहे. पण मागच्या वर्षी तेलाचा जो प्रश्न आमच्या घरात मुक्कामाला आला, तो स्वयंपाकघरातला नव्हता. तो होता छोट्या ट्रॅक्टरच्या पुढच्या आसाचा, म्हणजे ॲक्सलचा.

द्राक्षबाग असणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागून राहिला की दावण्या येतो, आणि फवारणी एक-दोन दिवस लांबली तरी घड हातचे जातात. ओल्या काळ्या रानात भरलेला ब्लोअर ओढायचा तर चारही चाकांना जोर हवा. म्हणून आम्ही कर्ज काढून २४ एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर घेतला. तो थांबला तर बाग थांबते, हप्ते थांबत नाहीत.

साध्या ट्रॅक्टरच्या पुढच्या आसाला फारसं काही लागत नाही. मधल्या पिनेला, वळणाच्या पिनांना आणि चाकाच्या बेअरिंगला ग्रीस दिलं की झालं. फोर व्हीलचा पुढचा आस मात्र स्वतंत्र गिअरबॉक्सच असतो. मध्ये डिफरन्शियल, दोन्ही टोकांना बेव्हल गिअर, आणि सगळं तेलात. आमच्या ट्रॅक्टरच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूनं एप्रिलमध्ये हे तेल पाझरू लागलं. त्यावर धूळ बसून काळा थर जमला.

मग सल्ले सुरू झाले. सासरे म्हणाले, "वंगण भरा की गच्च. आमच्या बैलगाडीला काय गिअर ऑइल होतं?" तालुक्याच्या एका दुकानात सांगितलं, "१४० नंबरचं जाड तेल घाला, गळायचं आपोआप थांबेल." आमचा ड्रायव्हर चडचण भागातला. तो इंजिन ऑइलचा उरलेला डबा हातात घेऊन विचारायचा, "अक्का, इदन्न हाकली?" हेच घालू का, म्हणून.

मे महिन्यात आम्हाला पुतण्याच्या लग्नाला सुरतेला जायचं होतं. आमचे भावोजी गलाईच्या धंद्यात. सोनं-चांदी गाळण्याच्या या धंद्यानं सांगली जिल्ह्यातली माणसं देशभर नेली, तसे तेही सुरतेला गेले आणि नवागामला राहिले. डिंडोलीच्या बाजूची ही वस्ती. गल्लीत धुळे-जळगावकडची इतकी घरं, की परप्रांतात आल्यासारखं वाटत नाही. उधना-जळगाव रेल्वेनं खानदेशातली माणसं कापडाच्या कामाला इकडे आली आणि इथलीच झाली. सुरत महापालिकेच्या मराठी शाळाही आहेत. जाऊबाईंच्या दारात अहिराणी, मराठी, गुजराती एकदमच ऐकू येतात. त्यात मी आणि जाऊबाई कन्नडमध्ये कुजबुजलो की मुलं हसायची.

जाताना मी ट्रॅक्टरचं पुस्तक पिशवीत टाकलं होतं. ते इंग्रजीत, आणि पुतणी इंजिनिअरिंगला. हळदीच्या आदल्या दिवशी तिनं पान काढून वाचून दाखवलं: पुढच्या आसात एसएई ८० डब्ल्यू-९० गिअर ऑइल, नाहीतर कंपनीचं ट्रान्समिशन तेल. पहिल्यांदा ५० तासांनी बदलायचं, पुढे ठरावीक तासांनी. शेजारचे काका ऐकत होते. धुळ्याकडचे, आयुष्य कापडाच्या यंत्रांचे गिअरबॉक्स खोलण्यात गेलेलं. त्यांनी मग समजावून सांगितलं, ते असं.

गिअर ऑइलचे आकडे आणि इंजिन ऑइलचे आकडे वेगळ्या मापाचे. गिअरचं ९० म्हणजे जाडीला इंजिनच्या ४० ते ५० च्या आसपासच. त्यामुळे जाडी जुळली म्हणून इंजिन ऑइल गिअरला चालेल असं नाही. गिअरचे दात एकमेकांवर दाबून घासतात, तिथं तेलाचा थर तुटू नये म्हणून गिअर ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची द्रव्यं घातलेली असतात. डब्यावर जीएल-४, जीएल-५ लिहितात, तो या ताकदीचा दर्जा. जीएल-५ जास्त दाब सोसतं, पण त्यातली काही तेलं पितळ-तांब्याच्या भागांना बाधतात. म्हणून मोठा आकडा बघून नव्हे, पुस्तकातला बघून घ्यायचं.

ग्रीसचं काय, मी विचारलं. काका म्हणाले, "ताई, ग्रीस फेकलं तिथंच बसतं. तेल परत वाहून दातांवर येतं, उष्णता घेऊन जातं, कीस तळाला बसवतं." मागच्या गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं, हेही त्यांनी बजावलं. त्यातच हायड्रॉलिक आणि तेलात बुडालेले ब्रेक असतात. तिथं साधं गिअर ऑइल ओतलं तर ब्रेक बिघडतात. आणि पुढच्या आसात दोन्हीपैकी कुठलंही एक घाला, पण मिसळू नका.

शेवटी त्यांनी असं विचारलं, जे गावात कुणी विचारलं नव्हतं. "आसावरचा ब्रीदर पाहिला का?" आस तापला की आतली हवा फुगते. ती जायला छोटं भोक असतं. ते बुजलं तर दाब ऑइल सीलवर येतो आणि तेल बाहेर ढकललं जातं. जाड तेलानं हे थांबत नाही.

घरी आल्यावर ड्रायव्हरनं ब्रीदर काढला. फवारणीच्या औषधाचा पांढरा थर आणि माती, पार बुजलेला. तो साफ केला, सील नवं बसवलं, जुनं तेल काढलं. ते दुधासारखं पांढुरकं असतं तर पाणी शिरलंय असं समजायचं. आमचं नुसतं काळं होतं. सपाट जागी ट्रॅक्टर उभा करून, पातळीच्या बोल्टाच्या भोकातून ओघळेपर्यंत ८० डब्ल्यू-९० भरलं. ऑक्टोबरात पाऊस आला, पण एकही फवारणी चुकली नाही.

सासऱ्यांना मी मुद्दाम सांगितलं, की तुमचं वंगणही खोटं नव्हतं. बैलगाडीच्या लाकडी आसाला एरंडेल चांगलंच. माझ्या माहेरी त्याला 'हरळेण्णी' म्हणतात, आणि वंगणाला 'कीलेण्णी'. देशात सर्वांत जास्त एरंडी पिकते ती गुजरातमध्येच. १९०९ साली निघालेल्या कॅस्ट्रॉल तेलाचं नावही एरंडाच्या इंग्रजी नावावरूनच पडलं. फक्त एरंडेल तापून तापून चिकट होतं, बंद आसात ते चालायचं नाही. ते हसून म्हणाले, "म्हणजे आमचंच तेल मोटारीला गेलं म्हणायचं!"

आता शेडमध्ये दोन डबे वेगळे ठेवलेत. ड्रायव्हरला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणून एका डब्यावर मी दोन्ही लिप्यांत लिहिलं आहे: 'पुढचा आस' आणि 'मुंदिन अच्चु'. खाली तेल बदललं तेव्हाचे तास. ते आकडे तो स्वतः लिहितो, कन्नडमध्ये.