कुवेतची हवा आणि पिकअपचे टायर

भारतात सुट्टीवर आलो की एक प्रश्न हमखास येतो. "तू वाळवंटात राहतोस, म्हणजे तुझ्या गाडीला ते मोठ्ठे दातेरी टायर असतील ना?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सिनेमातलं वाळवंट असतं. पिवळ्या वाळूच्या टेकड्या, उंट, आणि टेकडीवरून उडी मारणारी जीप. त्याचा विरस करायला जिवावर येतं, पण कुवेत तसं नाही हो! वाळूच्या टेकड्या आहेत, पण मोजक्या. बाकीचा देश म्हणजे पाटासारखं सपाट, खडीमिश्रित माळरान. त्याखाली ठिकठिकाणी चुनखडीनं घट्ट झालेला थर असतो, त्याला इथे 'गॅच' म्हणतात. आपल्याकडे जसा मुरूम, तसा इथला गॅच. तेलक्षेत्रातले कच्चे रस्ते याच गॅचचे, त्यांचं नावच 'गॅच रोड'. समुद्राच्या बाजूला 'सबखा' म्हणजे खारट दलदल. वरून पापडासारखी कडक आणि आत चिखल. तिथे कुठलाही टायर लावा, गाडी बसली की बसली.

एवढा भूगोल सांगायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात आमच्या साईटच्या पिकअपचे टायर निवडायचं काम माझ्याकडे आलं. डबल कॅबिन, म्हणजे पुढे दोन आणि मागे तीन माणसं. त्यामागच्या हौद्यात केबलची रिळं, अवजारं, पाण्याचे कॅन. पहाटे पाचला फाहाहीलहून निघायचं, चाळीस मिनिटं हायवेनं, मग पंधरा-वीस मिनिटं गॅच रोड, आणि शेवटी एखादा किलोमीटर मऊ वाळू. संध्याकाळी तोच रस्ता उलटा. आत बसलेले पाचही जण दमलेले असतात आणि मागचे तिघे गाडी सुटल्यापासून झोपलेले असतात. टायर निवडायचा तो या झोपलेल्या तिघांसाठी.

कंपनीच्या खरेदी विभागाला हे तिघे दिसत नाहीत. त्यांना दिसतो तो तीन दुकानांच्या भावांचा तक्ता. त्यांचं म्हणणं सरळ होतं, सगळ्यात स्वस्त तो घ्या. आणि साईटवरच्या तरुण मंडळींचं म्हणणं त्याच्या बरोबर उलट: साहेब, तो दातेरी घ्या, एकदम रुबाब!

आता थोडी मास्तरकी करतो. अशा गाड्यांच्या टायरचे ढोबळमानाने तीन प्रकार. पहिला डांबरी रस्त्याचा, हायवे टेरेन. कमी आवाज, कमी तापतो, पण खडीत लवकर चिरतो. तिसरा चिखलाचा, मड टेरेन. मोठे ठोकळे, खोल खोबणी. आणि या दोघांच्या मधला ऑल टेरेन, म्हणजे सगळीकडे चालणारा. (आमच्याकडे घरजावयाला म्हणायचे तसा. कुठेही बसवा, तक्रार नाही.)

गंमत अशी की ज्याला रुबाब आहे तो चिखलाचा टायर वाळूत उलट नडतो. चिखलात दात रुतवून खालची घट्ट जमीन पकडायची असते. वाळूत खाली पकडण्यासारखं काही नसतंच. तिथे दात म्हणजे फावडं. ॲक्सिलरेटर दाबला की टायर स्वतःचा खड्डा स्वतःच खणतो. वाळूत खणायचं नसतं, तरंगायचं असतं. त्यासाठी टायर रुंद पसरायला हवा, आणि तो पसरतो हवा कमी केल्यावर. पस्तीसच्या ठिकाणी अठरा पौंड केली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांब होतो आणि तीच गाडी त्याच वाळूवरून आरामात जाते.

टायर बघायला शुवेखच्या औद्योगिक भागात गेलो. गाडीचा कुठलाही अवयव हवा असेल तर कुवेतमध्ये तिथेच जायचं. रांगेनं दुकानं, आणि पाट्यांवर अरबीत 'बनशर'. बनशर म्हणजे पंक्चर! अरबीत 'प' नाही, त्यामुळे पंक्चरचं बनशर झालं आणि पुढे टायरवाल्याच्या दुकानालाच ते नाव पडलं. पिकअपला इथे 'वनेत' म्हणतात. तर वनेत घेऊन बनशरकडे गेलो, असं कुवेती मराठीत म्हणायला हरकत नाही.

दुकानदारानं पहिल्यांदा दाखवला तो दहा प्लायचा, जाडजूड. "खूप मजबूत, फाटणार नाही." मजबूत खराच. पण जाड रबर म्हणजे जास्त उष्णता धरून ठेवणारं रबर, आणि इथला खरा वैरी वाळू नाहीच, उष्णता आहे. २१ जुलै २०१६ ला कुवेतमधल्या मित्रिबा इथे ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं आणि जागतिक हवामान संघटनेनं ते तपासून मान्य केलं. हे सावलीतलं तापमान. डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं आणि त्यावरून ताशी १२० नं टायर धावतो.

ऑल टेरेन टायरचा एक जुना इतिहास आहे, तो मी दरवेळी आठवतो. फायरस्टोन कंपनीचा एक टायर होता, 'वाइल्डरनेस एटी'. त्यातलं एटी म्हणजे ऑल टेरेनच. फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांना तो लावून येई. वेगात असताना त्याचा वरचा पट्टाच सुटून यायचा आणि गाडी उलटायची. याचा बोभाटा अमेरिकेत होण्याआधी इथे, आखातात झाला. १९९९ मध्ये फोर्डनं सौदी आणि आसपासच्या देशांत टायर बदलून द्यायला सुरुवात केली. तेव्हा टायर कंपनीचा एक युक्तिवाद असा होता, की इथले लोक वाळूसाठी हवा काढतात आणि तशीच गाडी हायवेवर पळवतात. पुढे ९ ऑगस्ट २००० ला अमेरिकेत सुमारे ६५ लाख टायर परत बोलवावे लागले. तिथल्या सरकारी सुरक्षा खात्याच्या हिशेबात मृतांचा आकडा २७१ पर्यंत गेला. टायरमध्ये दोष होताच, पोलादी पट्ट्यांच्या कडेला चिरा सुरू होत. पण फोर्डनं सुचवलेली हवा २६ पौंड होती, फायरस्टोन म्हणत होती ३०, आणि यावरून दोघांत शेवटपर्यंत भांडण. चार पौंडांचं भांडण! कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, जास्त वाकतो, आतून तापतो. तापला की रबर आणि पोलाद यांची पकड सुटत जाते. दोष असलेल्या टायरला हे लवकर मारतं, चांगल्याला जरा उशिरा.

म्हणजे वाळूत जी कमी हवा आपल्याला तारते, तीच पंधरा मिनिटांनी हायवेवर मारते. सगळ्या टायरपुराणाचं सार एवढंच आहे. आमचा ड्रायव्हर पेशावरकडचा, सगळे त्याला चाचा म्हणतात. त्याला विचारलं, चाचा, कौनसा टायर लें? तो म्हणाला, "साब, रेत में हवा निकालो, सड़क पे हवा डालो. बाकी सब दुकानदार की बातें हैं."

याच्या उलट एक गैरसमज आपल्याकडेही आहे, की उन्हाळ्यात हवा फुगते म्हणून थोडी कमीच भरावी. फुगते हे खरं. २५ अंशाला ३५ पौंड भरलेला टायर आतून ६५ अंशाला पोचला की दाब ४२ च्या आसपास जातो. पण टायर बनवणाऱ्यानं ही वाढ धरलेलीच असते. तापलेल्या टायरची हवा काढली की गार झाल्यावर तो कमी हवेचा टायर होतो आणि आपण पुन्हा तिथेच. म्हणून हवा पहाटे, गाडी निघायच्या आधी बघायची.

शेवटी घेतला तो २६५/६५ आर १७, साधा ऑल टेरेन, मध्यम नक्षीचा. भारांक ११२, म्हणजे पुऱ्या हवेत एका टायरला ११२० किलो. चारांचे झाले ४४८०. आमची गाडी माणसं-सामानासकट तीन टनांच्या आसपास, म्हणजे दहा प्लायची गरजच नव्हती. बाजूवरचे चार आकडे वाचून घेतले. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. '२३१९' असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. इथल्या उष्णतेत रबर न वापरताही म्हातारं होतं, त्यामुळे नक्षी शाबूत असलेला जुना टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. स्टेपनीचे आकडेही बघावेत. ती वर्षानुवर्षं गाडीच्या पोटाखाली लटकत असते आणि कुणी तिची विचारपूस करत नाही.

वाचलेल्या पैशांतून बारा व्होल्टचा एक चांगला कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचं मीटर मागितलं. खरेदी विभागाशी खरी लढाई झाली ती इथे. "टायर दिले ना, आता हे कशाला?" दोन आठवडे कागद फिरला. मी लिहून दिलं, की हा पंप मंजूर होत नसेल तर गाडी वाळूत न्यायची नाही, गॅच रोड संपतो तिथे थांबवायची आणि सामान खांद्यावर न्यायचं, त्याला लागणारा वेळ हिशेबात धरा. वेळेचा हिशेब त्यांना लगेच कळला. पंप आला. आता संध्याकाळी डांबरी रस्ता लागायच्या आधी दहा-बारा मिनिटं गाडी थांबते, चाचा चारही टायर पस्तीसला आणतो आणि मग निघतो. मागचे तिघे तोपर्यंत झोपलेले असतात. त्यांना यातलं काही माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही.

जुन्या टायरचं काय झालं, हेही सांगतो. कुवेतमध्ये रहिया नावाच्या जागी टायरची एक दफनभूमी होती. ४ कोटी २० लाखांहून जास्त टायर, म्हणजे देशातल्या दर माणशी नऊ-दहा! २०१२ मध्ये तिथे मोठी आग लागली होती, धुरानं आभाळ काळं झालं होतं. २०२१ मध्ये ते सगळे टायर सौदी सीमेजवळच्या सालमीला हलवले आणि तिथे त्यांचा चुरा करून पुन्हा वापरायचं काम सुरू झालं. पण सगळेच जुने टायर तिथवर पोचत नाहीत. काही वाटेत पुसून, काळे करून पुन्हा विकले जातात, आणि ते घेणारा बहुतेक वेळा कमी पगाराचाच कुणीतरी असतो. म्हणून आमचे चारही जुने टायर सोडताना बनशरवाल्याला सांगून प्रत्येकाच्या बाजूला कटरनं हातभर चिरा मारून घेतल्या. तो जरा नाराज झाला. असो.