दोन-दोन अक्षरांनी

माझ्या टेबलाच्या खणात बांबूची एक काडी आहे. वीतभर लांब, एका टोकाला घासून पेचकसासारखी चपटी केलेली. ती अण्णांनी दिलेली. त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत होतं आणि ते माझे कोणी नातेवाईक नव्हते. आमच्या घरमालकांचे स्नेही, एवढीच ओळख. नववीच्या सुट्टीत घरच्यांनी मला त्यांच्याकडे पाठवलं ते ‘उन्हात भटकू नये’ म्हणून.

पहिल्याच आठवड्यात मी एका गिऱ्हाइकाच्या रेडिओची वाट लावली. मीडियम वेव्हच्या सेटमध्ये आयएफटी नावाच्या पत्र्याच्या छोट्या डब्या असतात. त्यांच्यातला ठिसूळ कोअर फिरवून 455 किलोहर्ट्झ जुळवायचे असतात. अण्णा चहाला गेले होते. मी लोखंडी पेचकस घातला आणि जोर दिला. कट्‌ असा बारीक आवाज झाला आणि कोअर दुभंगला. गिऱ्हाईक शिरपूरकडचा शेतकरी. संध्याकाळी 963 वर जळगाव केंद्र लागायलाच हवं, असं सांगून तो सेट ठेवून गेला होता. अण्णांनी डबीत डोकावून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तो परत आल्यावर फळीवरचा दुकानातला स्वतःचा रेडिओ काढून त्याच्या हातात ठेवला. “तुमचा आठ दिवसांनी न्या,” एवढंच म्हणाले. त्या सेटचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. माझ्या घरीही ही गोष्ट कधी कळली नाही.

दुसऱ्या दिवशी ती काडी माझ्या हातात आली. लोखंड जवळ नेलं की कॉइलचा गुण बदलतो. जुळलंय असं वाटतं आणि पेचकस काढला की पुन्हा बिघडतं. बांबूला मात्र कॉइल ओळखतच नाही. हे सांगून ते म्हणाले, “आता हात नको, कान लाव. आयकस का?” आणि मग महिनाभर तेच. आवाज कुठे भरतो, कुठे पातळ होतो, शिट्टी कुठून येते. एकच गोष्ट त्यांनी मला किती वेळा सांगितली असेल याला हिशोब नाही. दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी.

पुढे एफएम स्टिरिओचे सेट दुरुस्तीला यायला लागले. त्यात एक बारका प्रीसेट असतो. तो इकडे-तिकडे फिरवत राहायचं, आणि नेमकी जागा सापडली की लाल दिवा लागतो. अण्णा सांगायचे, स्टेशनच्या आवाजाबरोबर 19 किलोहर्ट्झचा एक सूर येतो. आपल्याला तो ऐकू येत नाही, पण सेट तोच धरून डावं-उजवं वेगळं करतो. “त्याच्यावर माझी भाकरी चालते, पण मी त्याला कधी पाहिलेलं नाही,” असं ते म्हणायचे.

डिप्लोमा झाल्यावर मी जळगावला ठिबकच्या पाइपांच्या कारखान्यात लागलो. धुळ्याला जाणं दिवाळीपुरतं उरलं. दरम्यान अण्णांचे कान गेले. आधी उजवा, मग डावा. यंत्र लावून पाहिलं, पण त्यात नुसता कालवा यायचा. ज्या माणसाने आवाज ऐकून कुठला कंडेन्सर गेलाय हे सांगायचं, त्याने दुकानाचं शटर खाली ओढलं आणि देवपूरच्या घरी खिडकीशी बसायला सुरुवात केली. मी जायचो, पाटीवर लिहून दोन गोष्टी विचारायचो. जमायचं नाही फारसं.

आता एका छोट्या पट्टीची गोष्ट. कॉम्प्युटरवर टीव्ही पाहण्यासाठी पेनड्राइव्हएवढे स्वस्त ट्यूनर निघाले होते. 2012च्या सुरुवातीला फिनलंडच्या अँटी पालोसारी यांच्या लक्षात आलं, की आतली आरटीएल2832यू ही चिप एफएम लावताना आकाशातून आलेल्या लहरींचं कच्चं मोजमाप जसंच्या तसं बाहेर देते. सेकंदाला चोवीस लाखांच्या आसपास मोजणी. ऑस्मोकॉम या प्रकल्पाच्या मंडळींनी त्यावर प्रोग्रॅम लिहिले आणि फुकट देऊन टाकले. पूर्वी रेडिओतले गँग, ट्रिमर, आयएफटी हे भाग मिळून जे करायचे, ते आता गणित करू लागलं. त्यावर बसवायचा ‘रेडसी’ हा प्रोग्रॅमही फिनलंडच्याच ऊना रायसानेन यांनी लिहिलेला. या लोकांना मी कधी भेटणार नाही. पण माझ्या खात्यावर अण्णांच्या खालोखाल त्यांचीच नावं आहेत.

रेडसी जे वाचतो त्याला आरडीएस म्हणतात. युरोपातल्या प्रसारण संस्थांच्या संघाने 1984 मध्ये त्याचा आराखडा ठरवला, तो मुख्यतः गाडीतल्या रेडिओसाठी. एकोणीस त्रिक सत्तावन्न: 19च्या सुराच्या तिप्पट, 57 किलोहर्ट्झवर, गाण्याच्या वर कानाला न लागणारी अक्षरं चालतात. वेग सेकंदाला 1187.5 बिट. दर 16 बिटांमागे 10 बिट नुसते पडताळणीचे, वाटेत काही मोडलं तर कळावं आणि जमल्यास दुरुस्तही करता यावं म्हणून. स्टेशनचं नाव आठ अक्षरांचं, ते दोन-दोन अक्षरांनी येतं. आणि ते येतच राहतं, दिवसभर, रात्रभर, कोणी वाचत असो वा नसो. कोणी कधीही सेट लावला तरी त्याला ते पहिल्यापासून मिळावं अशी ही सोय. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या महिन्यातलं दुकान आठवलं.

पाच-सहा वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी लॅपटॉप आणि ती पट्टी घेऊन एसटीने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला गेलो. जळगावला माझ्या गच्चीवर एका स्टेशनची अक्षरं नीट लागली होती. अण्णांच्या खोलीत मात्र काही केल्या लागेनात. पडद्यावर पट्टेच पट्टे. मी सेटिंग बदलत बसलो. अण्णांनी बराच वेळ ते पट्टे पाहिले, मग वर छताकडे बोट केलं. एलईडीची ट्यूब. बंद केली तशी अर्धे पट्टे गेले. ऐकू न येणाऱ्या माणसाने खरखर डोळ्यांनी ओळखली होती. मग त्यांनी माळ्यावरच्या खोक्यातून टीव्हीच्या जुन्या अँटेनाची चपटी वायर काढायला लावली. शंभर मेगाहर्ट्झला दीड मीटर, हे त्यांना हातांच्या अंतरावर पाठ होतं. दोन्ही टोकं सोलून जोडली, एक बाजू मधोमध कापली, तिथे उरलेल्या वायरचा तुकडा जोडून खाली आणला. सोल्डर मीच मारलं. त्यांनी जोडाला फुंकर घातली आणि नखाने हलवून पाहिला, पूर्वी पाहायचे तसाच.

स्टेशन लावलं. मी एफएमच्या आतला पट उघडला. डावीकडे आवाजाची जाड साय, आणि 19वर एकच रेघ. बारीक, सरळ, जागची न हलणारी.

“हाई काय शे?” त्यांनी विचारलं.

मी पाटीवर लिहिलं: 19.

अण्णा पुढे सरकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तर्जनी पडद्याला टेकवून ती रेघ वरपासून खालपर्यंत ओढली. वर्षानुवर्षं ज्याच्यामागे ते प्रीसेट फिरवत होते तो सूर काचेमागे उभा होता. ते काही बोलले नाहीत. मीही पाटीवर काही लिहिलं नाही.

मग मी उजवीकडे 57 दाखवलं. तिथे रेघ नसते, दोन बुटके उंचवटे असतात आणि बरोबर मध्यावर खाच. सगळ्या लहरीत त्याचा वाटा अगदी थोडा. रेडसी सुरू केला. आधी चार खुणांचा स्टेशनचा आकडा आला. मग बराच वेळ काही नाही. मग मधलीच दोन अक्षरं. दोन रिकाम्या जागा. पुन्हा दोन. अण्णा ती मोठ्याने वाचत होते. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा उंच आवाजात, प्रत्येक अक्षर सुटं. एखादं अक्षर मोडून आलं की प्रोग्रॅम ते टाकून द्यायचा आणि ते माझ्या गुडघ्यावर हात ठेवायचे. थांब.

बाहेर अंधारून आलं होतं. सूनबाई चहा घेऊन आल्या, म्हणाल्या, “असे काळोखात काय बसलात?” आणि बटणाकडे वळल्या. अण्णांना शब्द ऐकू आले नाहीत, पण हात दिसला.

“लाइट नको लावू,” ते म्हणाले. “अजून दोन अक्षरं यायची आहेत.”