कपाटातलं नवं

मोग सिंथेसायझरला उकाडा सोसत नाही. खोली तापली की त्यातले सूर काढणारे भाग, म्हणजे आंदोलक, बिथरतात, लावलेला सूर जागा सोडून सरकू लागतो आणि वाजवणाऱ्याला दर थोड्या वेळानं तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. असं हे लाडावलेलं यंत्र १९६९ साली अमेरिकेहून निघून पोचलं कुठं, तर अहमदाबादला. तिथला मे महिना ज्यानं एकदा काढला आहे त्याला पुढचं सांगायला नको.

यंत्र बसवून द्यायला आला होता डेव्हिड ट्यूडर. संगीतकार जॉन केजच्या अवघड रचना जगभर वाजवणारा पियानोवादक तो हाच. आणि जागा पालडीतली, साबरमतीच्या काठची राष्ट्रीय डिझाइन संस्था, जिला सगळे नुसतं एनआयडी म्हणतात. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी जोडप्यानं १९५८मध्ये भारत सरकारला एक अहवाल दिला होता, त्यातून १९६१मध्ये ही संस्था उभी राहिली. त्या अहवालात सगळ्यात जास्त कौतुक कशाचं असेल, तर आपल्या घरोघरच्या पितळी तांब्याचं. तो कुणा एकानं घडवलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरातून त्याचा आकार ठरत गेला, म्हणून. तांब्याचं गुणगान करत जन्मलेल्या संस्थेत आठ वर्षांनी मोग यावा, हे मला फार आवडतं. दोन्हींत विसंगती आहे असं त्या मंडळींना वाटलंच नसावं.

मंडळी म्हणजे साराभाई. घर गिरणीमालकांचं, पण पैशाचं करायचं काय याविषयी त्यांचे विचार जरा निराळे होते. विक्रम साराभाईंना आपण इस्रोमुळे ओळखतो, तिची स्थापना १५ ऑगस्ट १९६९ची. त्यांचे थोरले बंधू गौतम आणि बहीण गीरा एनआयडीची धुरा वाहत होते. दुसरी बहीण गीता पखवाज वाजवायची, आणि बाई पखवाजावर हे दृश्य त्या काळी विरळाच. एकाच घरातली भावंडं एकाच वर्षी एक अवकाशाच्या मागे लागलेलं आणि बाकीची आवाजाच्या, असं उदाहरण दुसरं शोधायला गेलो तर मला तरी सापडलेलं नाही.

गीताबेन १९४६मध्ये पाश्चात्त्य संगीत शिकायला न्यूयॉर्कला गेल्या आणि केजशी गाठ पडली. केजनं फी घेतली नाही. बदल्यात त्यांच्याकडून भारतीय संगीत शिकून घेतलं. संगीत कशासाठी, तर मन निवावं म्हणून, हे गुरूंकडून ऐकलेलं गीताबेननी त्याला सांगितलं आणि तो पुढं आयुष्यभर ते सांगत राहिला. देवघेव म्हणतात ती ही. पुढं १९६४मध्ये केज, ट्यूडर आणि मर्स कनिंगहॅमची नृत्यमंडळी जगाच्या दौऱ्यात अहमदाबादला येऊन गेली, तीही याच घराच्या ओळखीनं. मोग काही एकाएकी उगवला नव्हता.

आता जरा त्या यंत्राजवळ बसू. तेव्हाचा मोग म्हणजे लाकडी चौकटींत बसवलेल्या काळ्या पट्ट्या, त्यांवर फिरवायची बटणं आणि ओळीनं भोकं. ही भोकं एकमेकांना जोडायच्या वायरी, जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर खुपसायच्या तशा. कुठली वायर कुठं गेली यावर आवाज ठरतो. एका आंदोलकातून सूर निघतो आणि फिल्टरमधून गाळून बाहेर येतो. तो फिल्टर किती उघडायचा आणि किती मिटायचा, हे हवं तर दुसरा आंदोलक ठरवतो. विजेचा दाब एक व्होल्टनं वाढवला की सूर एक सप्तक वर जातो. वायरी उपसल्या की आवाज गेला. तोच पुन्हा हुबेहूब मिळेल याची हमी नाही, कारण यंत्राला स्मरणशक्तीच नाही. म्हणून शेजारी टेप चालू ठेवायची. अहमदाबादच्या गोष्टीत ही टेपच पुढं कामाला आली.

आणखी एक गंमत आहे. हा मोग एका वेळी एकच सूर काढायचा. ज्याचे कान हार्मनीवर वाढले त्याला ही मोठीच उणीव. आपल्याला काय त्याचं! आपलं गाणं मुळात एका सुरामागून दुसरा असं चालतं, पाठीशी षड्ज असला की झालं. शिवाय एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय मोगमध्ये आयती होती. बाजाच्या पेटीला मींड येत नाही, श्रुती येत नाहीत, या तक्रारीपायी आकाशवाणीनं १९४०पासून १९७१पर्यंत पेटीला दार बंद ठेवलं होतं. म्हणजे देशाच्या रेडिओवर पेटीला मज्जाव होता त्याच दिवसांत अहमदाबादेतल्या एका खोलीत, बटण फिरवलं की मींड काढणारा हा पेटारा ठेवलेला होता. कुणी ही गोष्ट तेव्हा आकाशवाणीच्या कानावर घातली असती, तर काय उत्तर आलं असतं कोण जाणे.

गीताबेन, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा ही मंडळी १९७२पर्यंत त्या खोलीत टेपा भरत राहिली. जोशीपुरा तर तेव्हा वास्तुकला शिकणारा कोवळा पोरगा, आणि त्याच्या रचनेचं नाव ‘स्पेस लायनर २००१’. माणूस नुकताच चंद्रावर उतरून आला होता. त्या वयात दुसरं काय सुचणार? मग खोली थंडावली आणि टेपा संस्थेच्या संग्रहात जाऊन पडल्या. लंडनचा कलावंत आणि संगीतकार पॉल पर्गस याला २०१७मध्ये त्या सापडल्या, आणि २०२३मध्ये निवडक रचनांचा संच बाहेर आला. निम्मं शतक ते संगीत जवळजवळ कुणीच ऐकलं नव्हतं.

मला ते ऐकवलं माझ्या भाचीनं. ती सिनेमांसाठी आवाजाचं काम करते. तिच्या पिढीला या टेपा ठाऊक होत्या, आम्हाला नव्हत्या. सगळंच श्रवणीय आहे असं मी म्हणणार नाही. काही तुकडे म्हणजे बटणं फिरवून काय होतंय ते पाहणं, बस्स. पण त्यातही एक गोष्ट हटकून कानात भरते. ऐकणारा कोण असेल याची फिकीर त्यात कुठंच नाही. परदेशात हे कसं वाटेल, आपल्या परंपरेत बसेल का, असले प्रश्न त्या खोलीत शिरलेच नव्हते असं वाटतं. आजकाल राग आणि सिंथेसायझर एकत्र आले की दोघांनाही इस्त्रीचे कपडे घालून मंचावर बसवतात. तसलं इथं काही नाही.

अहमदाबादच्या या मंडळींचा मुंबईतला भाऊबंद म्हणजे चरणजित सिंग. सिनेमांच्या रेकॉर्डिंगांना गिटार आणि की-बोर्ड वाजवणारा हा वादक. त्यानं १९८२मध्ये रोलँड कंपनीची तीन यंत्रं पुढ्यात घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तबकडी कुणी विचारली नाही. त्या तीन यंत्रांपैकी टीबी-३०३ हे मूळ गिटारवाल्याला बासची साथ मिळावी म्हणून काढलेलं आणि बाजारात सपशेल पडलेलं. पुढं शिकागोच्या पोरांनी ते जुन्या बाजारातून स्वस्तात उचललं आणि १९८७मध्ये त्यातून अ‍ॅसिड हाउस नावाचं संगीत निघालं. आता गोऱ्या रसिकांना मुंबईची तबकडी ऐकून धक्का बसतो तो यामुळे, की हाच घसरता, गुळगुळीत बास पाच वर्षं आधी ललत आणि तोडीच्या खाली चालू होता. एडो बाउमन या डच संग्राहकाला ती भारतात जुन्या रेकॉर्डींमध्ये मिळाली आणि २०१०मध्ये त्यानं ती पुन्हा काढली. म्हातारपणी चरणजितना युरोपातून बोलावणी आली. २०१५मध्ये ते गेले.

टेप आणि तबकडी यांचं बरं असतं, ओल लागली नाही तर गप्प पडून राहिल्या तरी टिकतात. इमारतीला ती सोय नाही. अहमदाबादेत आयआयएमच्या आवारात वास्तुविशारद लुई कानच्या विटांच्या कमानी आणि भिंतींत कापलेली भलीमोठी वर्तुळं पाहत फिरताना डोळे निवतात. मात्र तिथं राहणाऱ्या मुलांच्या डोक्यावर छत गळत होतं हेही खरं. संस्थेनं २०२०च्या डिसेंबरात १८पैकी १४ वसतिगृहं पाडायचं ठरवलं, जगभरातून ओरड झाली, निर्णय मागे घेतला, आणि २०२२मध्ये पाडकामाची भाषा पुन्हा सुरू झाली. त्याच आवारातलं ग्रंथालय मुंबईच्या वास्तुविशारद ब्रिंदा सोमय्या यांच्या फर्मनं दुरुस्त करून दाखवलं आणि त्याला २०१९मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. दुरुस्ती होऊ शकते, हे आवारातच सिद्ध झालेलं होतं. पाडणं सोपं असतं, इतकंच.

त्या शहरात मला सगळ्यात जवळची वाटते ती गुफा, म्हणजे जमिनीखालचं चित्रदालन. पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी आणि पंढरपुरात जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन या दोघांनी मिळून नव्वदच्या दशकात ती उभी केली. तारेच्या जाळीवर जेमतेम इंचभर जाडीचा सिमेंटचा थर चढवलेले घुमट, वर फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांची गोधडी आणि त्यावरून वळत गेलेला हुसेनांचा काळा नाग. आराखडे संगणकावर झाले आणि बांधकाम आदिवासी कामगारांनी साध्या हत्यारांनी केलं. पायऱ्या उतरून आत गेलं की एकही भिंत सरळ नाही. वाकडेतिकडे खांब आणि छताच्या नळकांड्यांतून पडलेले उन्हाचे गोल, जे दिवसभर जमिनीवर सरकत राहतात. हुसेनांनी भिंती रंगवल्याच, एअर कंडिशनरही सोडले नाहीत. शाळेतल्या पोरांची सहल आत शिरली की तिथं शिस्त टिकत नाही. मास्तरही मग नाद सोडतात.

नवी कला कुठं मिळते असं कुणी विचारलं तर लोक मोठ्या शहरांतली प्रदर्शनं आणि उत्सव सांगतात. जरूर जा. पण अहमदाबादच्या टेपा कुणी तरी फेकल्या नाहीत म्हणून आज ऐकायला मिळतात, आणि त्या कुणा तरीचं नाव कुठल्याही कव्हरवर नाही. आपल्या घरांतही साठ-सत्तरच्या दशकांतले स्पूल पडून आहेत. कुणाच्या काकांनी घरच्या बैठकीत भरलेले, कुणाच्या आजोबांनी नाटकाच्या तालमीत. माळा आवरायला काढला की ते भंगाराच्या पोत्यात जातात, कारण ऐकायचं यंत्र आता घरात नाही. यंत्र मिळतं, आणि टेपांचं डिजिटल रूपांतर करून देणारी माणसंही सापडतात. पोतं बांधायच्या आधी तेवढी चौकशी करा. आणि स्पूल ओलीला ठेवू नका, टेपेला बुरशी लवकर धरते.